घडीची राखीव साइट

घडीची राखीव साइट हे रायफलीवर नेम धरण्याचे दुय्यम साधन होय. मुख्य काम दुर्बीण किंवा लाल ठिपका दाखवणारे साधन करत असताना ही साइट रायफलीच्या वरच्या रुळावर आडवी पडून असते. भिंग फुटले, त्यावर चिखल वा दव बसले, किंवा बॅटरी संपली, तर ती बोटाने उभी करून नेम धरता येतो. अशा साइटला ‘लोखंडी’ म्हणण्याचा प्रघात असला तरी ती आज बहुधा पोलाद, अॅल्युमिनियम किंवा टणक प्लास्टिकची असते. ‘लोखंडी’ याचा अर्थ येथे ‘भिंगाविना’ एवढाच घ्यावा.

रचना

तिचे दोन भाग असतात. नळीच्या तोंडाकडील उभ्या खुंटीला मराठीत पूर्वीपासून ‘माशी’ म्हणतात. डोळ्याजवळच्या भागात गोल छिद्र असते. छिद्रातून पाहताना डोळा माशीला आपसूक मध्यावर आणतो, आणि लहान छिद्रामुळे जवळची माशी व दूरचे लक्ष्य दोन्ही बऱ्यापैकी रेखीव दिसतात. चाळिशी लागलेल्या नेमबाजाला हा लाभ विशेष जाणवतो. पुष्कळ साइटींत दोन छिद्रे असतात : लांबच्या अचूक नेमासाठी लहान, तर अंधूक उजेडासाठी व जवळच्या लक्ष्यासाठी मोठे.

पूर्वपीठिका

घडी घालण्याची कल्पना नवी नाही. १८५३ च्या एनफील्ड रायफलीची मागची साइट शिडीसारखी उभी करता येत असे. ली-एनफील्ड क्रमांक ४ च्या एका प्रकारात ३०० व ६०० यार्डांसाठी उलटणारी दोन छिद्रे होती. मात्र त्या मुख्य साइटी होत्या. रायफलींवर भिंगाची साधने सर्रास आल्यानंतर साध्या साइटीला राखीव स्थान मिळाले. अमेरिकेतील पिकॅटिनी शस्त्रागाराच्या नावाने ओळखला जाणारा खाचांचा रूळ १९९५ मध्ये प्रमाणित झाल्यावर साइटी काढणे-बसवणे सोपे झाले.

निवड

पहिला विचार उंचीचा. माशी व मागचे छिद्र एकाच रुळावर बसणार असतील, तर दोन्ही समान उंचीची लागतात. काही रायफलींत माशी पुढच्या वायुठोकळ्यावर, म्हणजे किंचित खाली बसते. तेथे अधिक उंच माशी हवी. ही चूक झाली तर किंमत कितीही मोजलेली असो, साइट निरुपयोगी ठरते. वायुठोकळा गोळीबारात बराच तापतो, म्हणून तेथे प्लास्टिकपेक्षा धातू बरा.

दुसरा विचार दोन भागांमधील अंतराचा. ४०० मिलिमीटर अंतरावर माशी ०.१ मिलिमीटर सरकली, तर १०० मीटरवर गोळी २५ मिलिमीटर चुकते. अंतर २०० असेल तर चूक ५० होते. म्हणून माशी शक्य तितकी पुढे व छिद्र शक्य तितके मागे ठेवतात. बिजागरीत खेळ असला तरीही हीच चूक उद्भवते. उभी केल्यावर घट्ट अडकणारी, आणि पुन्हापुन्हा मिटून उघडली तरी त्याच जागी येणारी साइट निवडावी. स्प्रिंगने झटकन उभी राहणे त्यामानाने गौण.

दुर्बीण मोठी असेल तर तिच्या नळकांड्याआडून सरळ साइट दिसत नाही; अशा वेळी ४५ अंशांत कलती बसणारी जोडी वापरतात व रायफल किंचित वळवून नेम धरतात.

बसवल्यावर ती गोळ्या झाडून जुळवावीच लागते. येथे नवशिका हमखास गोंधळतो : गोळ्या वर लागत असतील तर माशी उंच करायची, खाली लागत असतील तर बुटकी, मागचा भाग मात्र ज्या दिशेला गोळी न्यायची त्याच दिशेला सरकवायचा. न जुळवलेली राखीव साइट ऐन वेळी दगा देते.

भारतात व महाराष्ट्रात

शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये स्वयंचलित शस्त्रे नागरिकांना निषिद्ध असल्याने ही साइट मुख्यतः सैन्य व पोलिसांच्या रायफलींवर आढळते. ऑलिंपिक रायफल स्पर्धांत दुर्बिणीला मुळात परवानगीच नाही. तेथे छिद्राची साइट हेच मुख्य साधन असते, आणि ती घडीची नसते. पनवेलमध्ये प्रशिक्षण देणाऱ्या सुमा शिरूर २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या होत्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांचे २०१० मधील जागतिक विजेतेपद आणि कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदकही अशाच साइटीतून साधलेल्या नेमाचे आहे.