निळ्या नक्षीचे भागीदार

जानेवारी १७५२. कँटनहून मायदेशी निघालेलं ‘खेल्डरमाल्सेन’ हे डच जहाज दक्षिण चीन समुद्रात खडकावर आपटून बुडालं. १९८५मध्ये मायकेल हॅचर यांच्या पथकाला ते सापडलं, तेव्हा मुख्य माल असलेला चहा केव्हाच वाया गेला होता. चिनी मातीची सुमारे दीड लाख भांडी मात्र शाबूत होती. भांडी तळाशी रचायची रीतच होती. त्यांच्या वजनानं जहाज तोल राखी आणि वरचा चहा कोरडा राही.

ही भांडी घडत जिआंगशी प्रांतातल्या जिंगदेझेनमध्ये. काओलिन ही पांढरी माती आणि एका दगडाची भुकटी मिसळून सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजली, की भांडं पातळ आणि टणक होतं, उजेडासमोर धरलं तर प्रकाश झिरपतो. कच्च्या भांड्यावर कोबाल्टनं नक्षी काढून वर पारदर्शक झिलई चढवतात आणि मगच भट्टी लावतात. त्यामुळे निळा रंग झिलईखाली कायमचा बंदिस्त होतो.

या कलेचं श्रेय जिंगदेझेनच्या कारागिरांचं, पण तिला घडवण्यात परदेशांचाही वाटा होता. चौदाव्या शतकात उत्तम कोबाल्ट इराणकडून येई, आणि मोठाल्या थाळ्यांना मागणी होती पश्चिम आशियातून. पुढे पोर्तुगीज आले. मकावहून मलाक्का, तिथून गोवा आणि मग लिस्बन, असा त्यांच्या मालाचा प्रवास असे.

१६०३मध्ये डचांनी सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडलं. त्यातल्या मालाचा अ‍ॅमस्टरडॅममध्ये लिलाव झाला आणि उत्तर युरोपला या भांड्यांची चटक लागली. आता गिऱ्हाईक आकारही सांगू लागलं. १६३५च्या सुमारास डचांनी मग आणि इतर युरोपीय भांड्यांचे लाकडी नमुने चिनी कारागिरांकडे धाडले.

मिंग राजवट १६४४मध्ये कोसळली. युद्धांमुळे पुरवठा आटला, तेव्हा डच व्यापारी जपानच्या आरिताकडे वळले. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या कुंभारांनी साध्या मातीवर पांढरी झिलई चढवून हुबेहूब निळी नक्षी काढली. नजर फसे, पण माती ती नव्हती.

त्या मातीचं गुपित हवं होतं जर्मनीतल्या सॅक्सनीचा शासक ऑगस्टस याला. १७१७मध्ये त्यानं प्रशियाला ६०० सैनिक देऊन १५१ भांडी घेतली, यावरून त्याचा ध्यास कळतो. त्याआधीच त्याच्या कैदेतला किमयागार ब्योटगर आणि शास्त्रज्ञ चिर्नहाउस यांना अस्सल चिनी माती (पोर्सेलिन) साधली होती आणि १७१०मध्ये माइसेनचा कारखाना उभा राहिला होता.

शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरचे कारखाने कागदी ठशांनी चिनी धाटणीची निळी चित्रं झरझर छापू लागले. स्वस्त माल घरीच मिळू लागल्यावर ईस्ट इंडिया कंपनीनं १७९१मध्ये चीनमधून भांड्यांची घाऊक खरेदी थांबवली.