खोकला राहिला तो राहिलाच



चाकणजवळच्या एका वीटभट्टीवर सहा वर्षांची एक कातकरी मुलगी आहे. अकराव्या महिन्यात तिला गोवर झाला, त्यावरून न्यूमोनिया. ताप गेला, खोकला मात्र राहिला. मी आधी टीबीच समजले होते. तपासण्या झाल्या, टीबी नव्हता. सीटी स्कॅनमध्ये खरे कारण दिसले.

गोवर, अ‍ॅडेनोव्हायरस किंवा जबर न्यूमोनियानंतर काही मुलांच्या श्वासनलिकांना आतून व्रण पडतात. कुठे बारीक नळी बुजते, कुठे नळी सैल होऊन रुंदावते आणि तिच्यात कफ साचतो. त्या कफात जंतू वाढतात, ते नळी आणखी खराब करतात. दम्याची नळी पंपाने मोकळी होते, व्रण तसे जात नाहीत. पण फुप्फुसाची ताकद विशीपर्यंत वाढत असते. उरलेला चांगला भाग आत्ता जपला, तर पुढे तोच कामी येतो.

जपणे म्हणजे रोजचे काम. सकाळी उपाशीपोटी मुलीला कुशीवर निजवून, हाताची ओंजळ करून पाठ थापटायची. मग तिने आरशावर वाफ धरतात तसा ‘हाऽ’ करत श्वास सोडायचा, म्हणजे कफ सुटतो. हे शिकवले तेव्हा आई म्हणाली, “ताई, विटा थापू की पोरीची पाठ थापटू?” माझ्याकडे उत्तर नव्हते. आता आजी थापटते. चूल झोपडीबाहेर नेली आहे. भट्टीचा धूर कुठे नेणार? मुकादमाशी बोलून झोपडी वाऱ्याच्या वरच्या बाजूला हलवली, इतकेच.

गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण होताच मिळते, दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत. न्यूमोकोकल लसही महाराष्ट्रात २०२१ पासून सरकारी केंद्रांत मोफत आहे. या मुलीचा नववा महिना भट्टीवर गेला आणि लसीचे कार्ड गावच्या घरात राहिले. म्हणून आम्ही आता प्रत्येक भट्टीवर पहिल्यांदा कार्डच विचारतो. चार आठवड्यांहून जास्त ओला खोकला दिसला, की मूल बालरोगतज्ज्ञांकडे नेतो.

पावसाआधी भट्टी बंद होईल, कुटुंब गावी जाईल. मुलीची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून आजीच्या गाठोड्यात ठेवली आहे. दर तीन महिन्यांनी तिला तपासणीसाठी पिंपरीला आणावे लागेल. मंडळीत कोणाकडे गाडी असेल आणि एक सकाळ देता येत असेल, तर मला कळवा. पहिली फेरी ऑगस्टमध्ये आहे.