हातखंब्याची पाटी आणि राउटर

रत्नागिरीहून राजापूरला निघालेला नवखा प्रवासी हातखंबा तिठ्यावर पाटी पाहतो. एका बाजूला चिपळूण, दुसऱ्या बाजूला लांजा-राजापूर. पाटी सगळा प्रवास सांगत नाही, फक्त पुढचे वळण दाखवते. संगणकांच्या जाळ्यातील राउटरही एवढेच करतो.

समजा, शाळेच्या प्रयोगशाळेचे जाळे १९२.१६८.१०.० आणि ग्रंथालयाचे १९२.१६८.२०.० आहे. यातले पहिले तीन आकडे जाळ्याचे, शेवटचा त्यातील संगणकाचा. दोन्हीकडे एकेक राउटर आहे. त्यांना जोडणाऱ्या तारेच्या टोकांचे पत्ते अनुक्रमे १०.०.०.१ व १०.०.०.२. प्रयोगशाळेच्या राउटरमध्ये आपण नोंद करतो : '१९२.१६८.२०.० साठी १०.०.०.२ कडे द्या.' हाताने केलेली अशी नोंद म्हणजे स्टॅटिक रूट, अर्थात स्थिर मार्ग.

तरीही ग्रंथालयातून उत्तर येत नाही. का बरे? संदेश पोचला, पण तेथील राउटरला परतीची वाट ठाऊक नाही! राजापूरहून येणाऱ्याला हातखंब्याला 'रत्नागिरी' ही पाटी दिसली नाही, तर तो सरळ चिपळूणकडे जाईल. म्हणून दुसऱ्या राउटरमध्येही नोंद हवी : '१९२.१६८.१०.० साठी १०.०.०.१ कडे द्या.'

पुढे दरड कोसळली तरी रंगवलेली पाटी बदलत नाही. स्थिर मार्गही आपणहून दुसरी वाट शोधत नाही. त्यामुळे तो लहान जाळ्यांना सोयीचा. मोठ्या जाळ्यांत राउटर एकमेकांना वाटा कळवतात.

वर्गात चार मुलांना ओळीने उभे करून राउटर बनवा, हाती नोंदींच्या चिठ्ठ्या द्या. मग एकाची परतीची नोंद खोडा. उत्तर कोठे अडकले, ते मुलांनाच शोधू द्या.