रेडिओ ऐकला कुणी?

पूर्वी रेडिओला परवाना लागे. परवाने मोजले की संच किती ते कळे. पण चावडीवरच्या एका रेडिओभोवती माणसे किती बसतात, ते त्या कागदात नसे. त्यासाठी गावातच जावे लागे.

१९५६ साली पुणे आकाशवाणीने ५ जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळे चालवली. टाटा समाजविज्ञान संस्थेने कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना भेटून चौकशी केली. मंडळ नसलेल्या गावांतही केली. मंडळांच्या गावांत माहिती जास्त वाढलेली आढळली. ही रीत आम्हाला पटते.

मात्र असा कुठलाही अहवाल हाती आला की आम्ही आधी पाहतो, विचारणारा चावडीवरूनच परतला, की आपल्या वस्तीतही आला? आणि चुलीपाशी बसून ऐकणाऱ्या बाईला त्याने काही विचारले का?