सोयीची नोंद : व्यक्तीची आणि संस्थेची

सार्वजनिक संस्थेचा कारभार उघडा असावा आणि व्यक्तीच्या व्याधीची वाच्यता होऊ नये, या दोन्ही अपेक्षा सारख्याच न्याय्य आहेत. दिव्यांगांना द्यावयाच्या सोयींच्या संदर्भात मात्र त्या एकाच धारिकेत एकत्र येतात. परीक्षेसाठी लेखनिक मागणाऱ्या उमेदवाराच्या अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र असते. संस्थेने त्यावर केव्हा, कोणत्या कारणाने, कोणता निर्णय घेतला हेही तेथेच नोंदलेले असते. पहिली नोंद व्यक्तीची, दुसरी संस्थेची होय.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने यथोचित सोय नाकारणे हा भेदभावच मानला. लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसंबंधीच्या एका प्रकरणात ठरविले. सोय ज्याच्या त्याच्या गरजेनुसार ठरावयाची असल्याने तिचा पुरावाही तितकाच खाजगी असतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील खाजगी माहितीचा अपवाद मुळात सशर्त होता. सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेली अथवा खाजगी जीवनावर अनाठायी आक्रमण करणारी माहितीच नाकारता येत असे. व्यापक लोकहित असल्यास तीही द्यावी लागे. वैयक्तिक विदासंरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने केलेली दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली आणि या अटी गळून पडल्या. आता माहिती 'वैयक्तिक' असणे एवढेच नकारास पुरेसे ठरते. लोकहिताचा तोल कलम ८ च्या दुसऱ्या पोटकलमात तेवढा उरला आहे.

धोका आहे तो येथेच. दिव्यांगाच्या खाजगीपणाची ढाल पुढे करून संस्था स्वतःची दिरंगाई झाकू शकते. यावरील उपाय त्याच अधिनियमाच्या कलम १० मध्ये आहे : वगळण्याजोगा भाग वगळून उरलेला द्यावा. नाव व निदान वगळले तरी अर्जांची संख्या, नकाराची कारणे, लागलेला काळ आणि झालेला खर्च सांगता येतो. तथापि, ज्या विभागात एकच अंध कर्मचारी आहे तेथे आकडाच नाव सांगतो. तेथे अनेक विभागांची एकत्रित आकडेवारी देणे इष्ट.

खोट्या लाभार्थींची शंका रास्त असली, तरी तिच्यासाठी २०१६ च्या अधिनियमातच दोन वर्षांपर्यंत कारावासाची किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंडाची, अथवा दोन्हींची तरतूद आहे. प्रमाणपत्राची छाननी हे सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचे काम आहे. त्यासाठी प्रत्येकाची व्याधी चव्हाट्यावर आणण्याचे कारण नाही. हिशेब द्यावयाचा आहे तो संस्थेने. सोय मागणाऱ्याने नव्हे.