गाडी आली, पण गाडीत कोण आहे?

भाजीवालीकडे आपण मेथीची जुडी उलटसुलट करून बघतो. मुलांना शिकवणीला घालायचं तर मास्तर कसे शिकवतात, याची चार घरी चौकशी करतो. हातावर मेंदी काढणारीसुद्धा हल्ली कोर्स केलेली लागते! पण घरातलं माणूस अत्यवस्थ झालं आणि दारात रुग्णवाहिका उभी राहिली, की आपण फक्त दोनच प्रश्न विचारतो. ‘किती वेळात पोहोचेल?’ आणि ‘किती घेणार?’ मागे रुग्णाजवळ जो बसणार आहे त्याला काय येतं, हा तिसरा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही.

माझ्या मनात तो आला तो सासऱ्यांच्या आजारपणात. त्यांना कर्जतहून कामोठ्याला हलवायचं होतं. खासगी गाडी मिळाली. मागे एक विशीतला मुलगा होता. स्वभावाने चांगला, आजोबांचा हात हातात धरून बसलेला. चौक मागे पडल्यावर सासऱ्यांना जास्तच धाप लागली. मी म्हटलं, “अरे, ऑक्सिजन वाढव ना थोडा.” तो सिलिंडरच्या काट्याकडे बघत राहिला. “काकू, किती ठेवायचा ते डॉक्टरांनीच लावून दिलंय. मला फक्त चालू-बंद करता येतं.” बारावी झाला होता, गाडीवर लागून दोन महिने झाले होते. सासरे सुखरूप पोहोचले, पुढे बरेही झाले. त्या पोराला बोल लावायचा नाही मला. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं आणि शिकल्याशिवाय त्या जागी बसायचं नसतं, हेही सांगितलं नव्हतं.

आमचा कर्जत-खालापूरचा भाग बाहेरच्यांना माहीत आहे तो फार्महाऊस, माथेरान आणि वडापावसाठी. पण इथे राहणाऱ्याला दुसरी बाजू ठाऊक असते. एका अंगाला द्रुतगती मार्ग, दुसऱ्या अंगाला जुना मुंबई-पुणे रस्ता, मधे बोरघाट. खोपोलीचे कारखाने. माथेरानला तर रुग्णवाहिकेसारखी अगदी मोजकी वाहनं सोडली तर मोटार चढूच द्यायची नाही, असा नियम. आणि डोंगरांच्या कुशीत ठाकर-कातकरी वाड्या, जिथून आजारी माणूस अजून झोळीत घालून खाली आणावा लागतो.

एप्रिल २०२३ मध्ये जुन्या घाटात ढोल-ताशा पथकातल्या मुलामुलींची बस दरीत कोसळली, ती पहाट आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये विनायक मेटे यांच्या गाडीला द्रुतगती मार्गावर माडप बोगद्याजवळ अपघात झाला, तेव्हा मदत वेळेवर आली नाही अशी तक्रार झाली आणि साऱ्या राज्यात त्याची चर्चा झाली. मोठ्या माणसाच्या बाबतीत निदान चर्चा तरी होते!

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तिच्यात ‘गोल्डन अवर’ची व्याख्याच दिली आहे. दुखापत झाल्यानंतरचा एक तास, ज्यात उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त. पण या तासातला बराच वेळ रस्त्यावर आणि गाडीतच जातो. म्हणजे डॉक्टरांच्या हाती पडण्याआधी रुग्ण ज्याच्या हाती असतो, त्याचे हात तयार हवेत.

आपल्या राज्यात १०८ ची सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली. सुरुवातीच्या ९३७ गाड्यांपैकी २३३ गाड्या ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणजे व्हेंटिलेटरसारखी साधनं असलेल्या आणि ७०४ ‘बेसिक’. गाडीबरोबर डॉक्टर पाठवायचा, ही आपल्या राज्याने स्वीकारलेली पद्धत. इतर अनेक राज्यांत गाडीवर तंत्रज्ञ असतो, ज्याला ‘ईएमटी’ म्हणतात. इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. खासगी गाड्यांचं मात्र गाडीगणिक वेगळं. पांढरा रंग, वर निळा दिवा आणि आत स्ट्रेचर दिसलं की आपल्या लेखी ती रुग्णवाहिकाच.

वास्तविक गाड्यांचेसुद्धा प्रकार ठरलेले आहेत. केंद्राच्या नियमावलीत रुग्णवाहिकांचे अ, ब, क, ड असे चार वर्ग आहेत. पहिला, मदतनीस पटकन पोहोचावा म्हणून मोटारसायकलसारखं वाहन. दुसरा, स्थिर रुग्णाची फक्त ने-आण करणारी गाडी. तिसरा, प्राथमिक जीवरक्षक साधनांची. चौथा, अतिदक्षता विभागासारखी सज्ज गाडी. डायलिसिस करून घरी परतणाऱ्या आजींना दुसऱ्या प्रकारची गाडी पुरते. छातीत कळ आलेल्याला ती पुरत नाही. हा फरक आपल्याला माहीत नसतो आणि सांगायला कुणाला सवड नसते.

माणसांचंही तसंच आहे. ईएमटीमध्ये ‘बेसिक’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स’ अशा पायऱ्या आहेत. बेसिकवाल्याला श्वासमार्ग मोकळा ठेवणं, रक्तस्राव थांबवणं, मान आणि कणा न हलवता जखमीला उचलणं, ऑक्सिजन देणं, छातीवर दाब देणं, वेळ आली तर गाडीत बाळंतपण सुखरूप पार पाडणं हे यायलाच हवं. अ‍ॅडव्हान्सवाल्याचं काम त्यापुढचं, ते डॉक्टरांच्या सूचनेनुसार चालतं. आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने या कामांचे अभ्यासक्रम ठरवले आहेत. याशिवाय बी.एस्सी.पर्यंतचं शिक्षणही आहे.

२०२१ साली संसदेने आरोग्य क्षेत्रातल्या सहयोगी व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचं, म्हणजे पॅरामेडिकचं नाव आहे. सहयोगी व्यावसायिकाला दोन ते चार वर्षांत किमान २००० तासांचं शिक्षण हवं, पदवीधर व्यावसायिकाला किमान ३६०० तासांचं, असं कायदा म्हणतो. शिवाय नोंदणी. डॉक्टरचं नाव जसं नोंदवहीत असतं, तसं यांचंही असावं, हा त्यामागचा विचार. इंग्लंडमध्ये नोंदणी नसेल तर स्वतःला ‘पॅरामेडिक’ म्हणवून घेताच येत नाही. अमेरिकेत राष्ट्रीय प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी नव्याने करून घ्यावं लागतं. कारण हात चालवले नाहीत तर विद्या विसरते. पोळ्यांचं नाही का, चार महिने लाटल्या नाहीत की पहिली पोळी नकाशाच होते!

आता कुणी म्हणेल, अमेरिकेचं काय सांगता, तो श्रीमंत देश. तर तिथलीच एक गोष्ट सांगते. १९६६ सालच्या तिथल्या एका अहवालात नोंद आहे, की देशातल्या जवळपास निम्म्या रुग्णवाहिका अंत्यविधीचा व्यवसाय करणारे लोक चालवत. माणूस आडवा नेता येईल अशी गाडी त्यांच्याचकडे असायची ना! त्याच वर्षी पिट्सबर्गच्या पीटर साफर या डॉक्टरांची लहान मुलगी दम्याच्या झटक्यानंतर वारली. तोंडाने श्वास देऊन माणूस कसा जगवावा, हे ज्यांनी जगाला शिकवलं, त्यांच्याच घरात हे घडलं. त्यानंतर १९६७ साली पिट्सबर्गच्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत ‘फ्रीडम हाऊस’ ही रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. ज्यांना कुणी नोकरी देत नव्हतं, त्यातल्या काहींची शाळाही अर्धवट सुटलेली, अशा तरुणांना साफर यांनी तीनशे तासांच्या आसपास कसून शिकवलं. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन या बाईंनी त्यांना आणखी तयार केलं आणि त्यातून पॅरामेडिकसाठीचं एक गाजलेलं पाठ्यपुस्तक लिहिलं. १९७५ साली ती सेवा बंद झाली, पण शिकवलं तर वस्तीतली पोरं काय करू शकतात, हे दिसून गेलं.

हे वाचलं तेव्हा मला आमचीच पोरं आठवली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता म्हणून नोंदली गेली. वर जायला रस्ता नाही, पावसात निसरड्या पायवाटेने तासाभराहून जास्त चढण. मदतीला निघालेला अग्निशमन दलाचा एक अधिकारी त्या चढणीवरच हृदयविकाराने गेला. तिथे कुठली १०८ आणि कुठली अ‍ॅडव्हान्स गाडी? आधी धावले ते आसपासच्या गावांतले लोक, ट्रेकर, खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारखे गट. घाटात अपघात झाला की महामार्ग पोलीस आणि देवदूत यंत्रणेबरोबर दोर घेऊन दरीत उतरणारी खोपोलीची मुलं असतात. त्यांच्या हिमतीला तोड नाही. पण हिमतीच्या जोडीला रीतसर शिक्षण आणि प्रमाणपत्र मिळालं, तर त्यांना त्याच कामावर रोजीरोटीही मिळू शकेल.

खोपोलीच्या कारखान्यांत काम केलेल्यांना हे नवीन नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यानेच दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला प्रमाणपत्रधारक माणूस सांगितला होता. दीडशे माणसं यंत्रांपाशी असतील तर एक शिकलेला हवा, हे तेव्हाच पटलं होतं. मग दीडशे माणसांच्या वाडीत का नको?

आमच्या बचत गटाने गेल्या वर्षी याच विचाराने एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं. शाळेच्या व्हरांड्यात रबरी बाहुला आडवा घातला, तेव्हा पहिली दहा मिनिटं नुसतं खिदळणं. मग शिकवणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “समजा, हा तुमचा मुलगा आहे.” सगळ्या गप्प! छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात, कोपरं ताठ, मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाला पाच ते सहा सेंटीमीटर खोल. पदर खोचून एकेकीने केलं. दोन मिनिटांत घाम फुटला. “बाई गं, पाटा-वरवंटा परवडला,” एक मावशी म्हणाल्या.

दुपारी एका वाडीतली सूनबाई हळूच म्हणाली, “मॅडम, आमच्याकडं स्ट्रेचर नाय. झोळीत मानूस दुमडून जातो. पडलेल्याची मान कशी सांभाळायची?” डॉक्टरबाई थांबल्या. त्यांच्या पुस्तकात झोळी नव्हती. मग दोघींनी मिळून वाट काढली. शक्यतो झोळी नकोच, घरातली फळी किंवा दार घ्यायचं, मानेच्या दोन्ही बाजूंना लुगड्याच्या गुंडाळ्या, कपाळावरून पट्टी, आणि उचलताना एकीने फक्त डोकं धरायचं. शिकवणं हे असं दोन्हीकडून होतं. पण एका दिवसाच्या शिबिराने कुणी ईएमटी होत नाही, हेही त्यांनी बजावून सांगितलं. गाडी येईपर्यंत जीव धरून ठेवणं एवढंच आपलं काम.

‘पण पोलिसांचं लचांड?’ हा प्रश्न आलाच. मैत्रिणींनो, हे पाठच करून ठेवा. जखमीवर आधी उपचार, कागदपत्रं नंतर, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलं. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१६ मध्ये नियमावलीला मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण कायद्यात आलं. नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. उलट गंभीर जखमीला वेळेत रुग्णालयात नेणाऱ्याचं बक्षीस २०२५ मध्ये पाच हजारांवरून पंचवीस हजार रुपये झालं.

त्या शिबिरानंतर एका मुलीच्या मनात मात्र हेच काम करायचं भरलं. बारावी झालेली, वडील रिक्षा चालवतात. स्टेशनजवळच्या एका फलकावर ‘थोड्या महिन्यांत पॅरामेडिक व्हा, नोकरीची हमी’ असं वाचून ती आईबरोबर माझ्याकडे आली. आईला काळजी रात्रपाळीची, मला काळजी फलकाची. आम्ही तिघी तिथे गेलो आणि चार प्रश्न विचारले. अभ्यासक्रमाला मान्यता कुणाची? रुग्णालयात आणि प्रत्यक्ष गाडीवर किती तास काम शिकवणार? परीक्षा घेणारी संस्था कोणती? शिकून झाल्यावर नोंदणी कुठे होणार? समोरचे गृहस्थ फक्त हप्त्यांची माहिती देत राहिले. आम्ही चहा न घेताच उठलो. तिचे पैसे वाचले. आता ती मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशाची तयारी करते आहे, आणि आईची रात्रपाळीची धास्तीही कमी झाली आहे. “बाळंतीण गाडीत असंल, तर बाईमानूस नको का जवळ?” असं आता तीच शेजारणींना सांगते.

खासगी गाडी बोलावताना विचारायचे प्रश्न मी फोनजवळच्या भिंतीवर लावले आहेत. गाडी कोणत्या प्रकारची? मागे कोण बसणार, त्याचं शिक्षण काय? सिलिंडर भरलेला आहे का आणि मोजून देता येतो का? वाटेत त्रास वाढला तर फोन कोणत्या डॉक्टरांना? अर्ध्या मिनिटाचं काम आहे. जीव धोक्यात असेल तर मात्र चौकशीत वेळ न घालवता आधी १०८.

येत्या ग्रामसभेत आमचा गट एक ठराव मांडणार आहे. प्रत्येक वाडीतल्या दोन जणांना, त्यातली एक बाई, प्रथमोपचाराचं रीतसर प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र. ते दर दोन वर्षांनी नव्याने. आणि प्रत्येक वाडीत एक घडीचं स्ट्रेचर. मंडपाचा आणि सत्काराच्या शालींचा खर्च एक वर्ष वगळला, तर एवढं निघेल असा आमच्या खजिनदारबाईंचा हिशेब आहे. तुमच्या गावातही मांडून बघा.