रोगप्रतिकारशक्ती आणि रोजचे अन्न : दुधनीच्या बाजारपेठेच्या संदर्भात एक विवेचन

सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत, दुधनी हे बाजारगाव वसलेले आहे. सोलापूर-वाडी लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे आणि त्याच्या बाजारात मराठी व कन्नड या दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने कानी पडतात. भोवतालचा मुलूख अवर्षणप्रवण असून तूर, उडीद, मूग, हरभरा ही कडधान्ये व रब्बीची ज्वारी ही येथील मुख्य पिके होत. सुगीच्या दिवसांत बाजार समितीच्या आवारात तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात. तेथून हा माल डाळीच्या गिरण्यांकडे व पुढे दूरदूरच्या शहरांकडे रवाना होतो.

२०२० च्या करोना साथीनंतर अशा बाजारगावांच्या दुकानांतूनही 'प्रतिकारशक्ती वाढविणारी' चूर्णे, काढे, सरबते व गोळ्या यांची रेलचेल झाली. त्यामुळे एक साधा पण महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. तुटपुंज्या मिळकतीच्या कुटुंबाने रोगप्रतिकारासाठी चार पैसे खर्च करावयाचे ठरविले, तर ते चूर्णाच्या डबीवर खर्चावेत की डाळीवर? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार उपलब्ध शास्त्रीय पुराव्याच्या आधारे करावयाचा आहे.

प्रतिकारशक्ती म्हणजे काय?

रोगप्रतिकारशक्ती ही शरीरात साठवून ठेवलेली एखादी वस्तू नव्हे की जी वरून ओतून वाढविता यावी. अनेक अवयव, पेशी व द्रव्ये यांनी मिळून चालविलेले ते एक कार्य आहे. त्वचा व अंतस्त्वचा हा त्यातील पहिला तट होय. तो ओलांडून आत आलेल्या जंतूंस भक्षक पेशी गिळंकृत करतात. ही जन्मजात प्रतिकारक्षमता. यापुढील काम लसिका पेशींचे असते. त्या विशिष्ट जंतू ओळखून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करतात व त्यांची स्मृतीही राखतात. हीच संपादित प्रतिकारक्षमता असून लशींचे कार्य तिच्याच आधारे घडते.

या दोन्ही कार्यांस मोठ्या प्रमाणावर कच्चा माल लागतो. प्रतिपिंडे ही प्रथिनेच आहेत. जंतुसंसर्ग होताच लसिका पेशींचे विभाजन झपाट्याने होते आणि त्यासाठी ऊर्जा, प्रथिने, जस्त, लोह व फॉलिक आम्ल यांची गरज पडते. अंतस्त्वचा अभंग राहण्यास अ जीवनसत्त्व आवश्यक असते. शिवाय ताप चढला असता प्रत्येक अंश सेल्सिअसमागे शरीराचा ऊर्जाव्यय सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढतो, आणि नेमकी त्याच वेळी रोग्याची अन्नावरील वासना उडालेली असते. तीव्र कुपोषणात बालकाची यौवनलोपी ग्रंथी आकसते व लसिका पेशींची संख्या घटते. म्हणूनच सुपोषित मुलास बहुधा चार दिवस अंथरुणावर ठेवणारा गोवर कुपोषित मुलाच्या प्राणावर बेतू शकतो.

कुपोषणाने संसर्ग बळावतो आणि संसर्गाने कुपोषण वाढते, या दुष्टचक्राची पद्धतशीर मांडणी स्क्रिमशॉ, टेलर व गॉर्डन या तिघा संशोधकांनी १९५९ मध्ये केली. पुढे १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. यांपैकी कार्ल टेलर यांचा जन्म भारतातीलच. त्यांचे विद्यार्थी डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे ग्रामीण आरोग्याचे कार्य आरंभिले. अन्न, पिण्याचे पाणी व गावातील आरोग्यसेविका यांना औषधोपचाराइतकेच महत्त्व देणारे हे कार्य होते. तेव्हा या विचाराची परंपरा आपल्या मुलखास अपरिचित नाही.

अभावाची भरपाई आणि अतिरिक्त सेवन

पूरक द्रव्यांविषयीच्या पुराव्याचा विचार करताना दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. ज्याच्या आहारात एखादे द्रव्य कमी आहे त्यास ते दिल्याने काय होते, हा पहिला प्रश्न. ज्यास ते पुरेसे मिळते त्यास अधिक दिल्याने काय होते, हा दुसरा. या दोहोंची गल्लत हेच बाजारातील बहुतेक जाहिरातींचे भांडवल असते.

अ जीवनसत्त्वाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. इंडोनेशियातील आचे प्रांतात सोमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. अ जीवनसत्त्वाची मात्रा दिलेल्या गावांत बालमृत्यूंचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी आढळले. १९९० मध्ये तमिळनाडूतील एका प्रयोगात, दर आठवड्यास अल्प मात्रा दिली असता, ही घट ५४ टक्के दिसून आली. परंतु त्याच वर्षी हैदराबादच्या परिसरातील प्रयोगात उल्लेखनीय फरक आढळला नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उत्तर प्रदेशातील सुमारे दहा लक्ष मुलांच्या प्रयोगात तर घट केवळ ४ टक्के निघाली व तीही सांख्यिकीय दृष्ट्या ग्राह्य ठरली नाही. या शेवटच्या प्रयोगातील मात्रा प्रत्यक्षात किती मुलांपर्यंत पोहोचल्या, याविषयी वाद झाला आहे. तथापि या सर्व निष्कर्षांचा एकत्रित विचार करता, द्रव्य तेच असले तरी त्याचा उपयोग मूळच्या अभावाच्या प्रमाणात व परिस्थितीनुरूप बदलतो, असे अनुमान काढणे युक्त ठरेल.

क जीवनसत्त्वाची कथाही अशीच आहे. लायनस पॉलिंग यांनी १९७० मध्ये सर्दीपडशावर त्याच्या मोठ्या मात्रांचा पुरस्कार केला. नंतर झालेल्या अनेक प्रयोगांचे एकत्रित परीक्षण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दररोज २०० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक मात्रा नियमित घेऊनही सर्वसामान्य लोकांत पडशाचे प्रमाण घटत नाही, असे त्यात दिसून आले. दुखण्याचा काळ मात्र प्रौढांत सुमारे ८ टक्क्यांनी व मुलांत १४ टक्क्यांनी कमी होतो. अतिशय कठोर शारीरिक श्रम करणाऱ्यांच्या काही लहान गटांत पडशाचे प्रमाण निम्म्यावर आले, हा अपवाद नोंदविण्याजोगा आहे.

अतिरिक्त सेवन नेहमीच निरुपद्रवी असते असेही नव्हे. जस्ताच्या गोळ्या मुलांच्या अतिसारात उपयुक्त ठरल्यामुळे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ मध्ये त्या १० ते १४ दिवस देण्याची शिफारस केली. परंतु तेच जस्त मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास शरीरात तांब्याची उणीव होऊन पांढऱ्या पेशीच घटू शकतात. टांझानियातील पेंबा बेटावर त्या काळी हिवतापाचा प्रादुर्भाव मोठा होता. तेथे लहान मुलांस सरसकट लोह व फॉलिक आम्ल दिल्याने गंभीर आजार व मृत्यू वाढल्याचे आढळले आणि प्रयोगाचा तो भाग थांबवावा लागला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

वनौषधींच्या बाबतीतही हाच विवेक राखावयास हवा. गुळवेलीचे सेवन करणाऱ्या ६ रुग्णांस यकृताचा दाह झाल्याचे वृत्त मुंबईतील वैद्यकतज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. हे रुग्ण २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळातील होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, याची निश्चिती झालेली नाही, असा त्याचा मुख्य मुद्दा होता. हा वाद बाजूस ठेवला तरी ग्राहकाच्या दृष्टीने दोन्ही पक्षांतून निष्पन्न होणारी गोष्ट एकच आहे. 'नैसर्गिक' हा शब्द निर्धोकपणाची हमी देत नाही आणि ओळख न पटलेली वनस्पती औषध म्हणून घेणे युक्त नव्हे.

झारखंडातील प्रयोग

आता रोजच्या अन्नाकडे वळू. अन्नामुळे रोगप्रतिकार घडतो याचा अलीकडील एक अत्यंत भक्कम पुरावा आपल्याच देशातील आहे. झारखंड राज्यात २०१९ ते २०२२ या काळात क्षयरोग्यांच्या कुटुंबीयांवर एक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २,८०० रुग्ण व त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे त्यात समाविष्ट होती. रुग्णांस दोन्ही गटांत पोषक शिधा देण्यात आला. एका गटात मात्र रुग्णाच्या घरातील इतरांसही तो मिळाला. दर प्रौढ माणसी महिना ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ व सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या, असे त्याचे स्वरूप होते. शिधा मिळालेल्या घरांत क्षयाचे नवे रोगी ३९ टक्क्यांनी कमी निघाले. जंतुपरीक्षेने सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या क्षयापुरते पाहिल्यास ही घट ४८ टक्के होती. शिध्याबरोबर गोळ्याही असल्याने यश नेमके कशाचे, हे या प्रयोगावरून सर्वस्वी वेगळे काढता येत नाही. तरीसुद्धा, भात आणि डाळ हाच ज्याचा मुख्य भाग आहे अशा शिध्याने क्षयासारख्या रोगास एवढा अटकाव व्हावा, ही घटना विचार करावयास लावणारी आहे.

शासनाच्या निक्षय पोषण योजनेत रुग्णास २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत असत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली.

ज्वारी, तूर आणि भाजीपाला : एक हिशेब

झारखंडातील शिधा दुधनीच्या ताटात मांडून पाहू. महिन्याच्या ५ किलो धान्याचे दिवसास सुमारे १६७ ग्रॅम होतात व दीड किलो डाळीचे ५० ग्रॅम. तांदळाऐवजी ज्वारी धरल्यास, तिच्यातील सुमारे १० टक्के प्रथिनांच्या हिशेबाने १६ ते १७ ग्रॅम प्रथिने मिळतील. तूरडाळीत सुमारे २२ टक्के प्रथिने असल्याने तिच्यापासून ११ ग्रॅम येतील. एकूण सुमारे २७ ग्रॅम झाली. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये सांगितलेल्या प्रौढ पुरुषाच्या ५४ ग्रॅमच्या गरजेचा हा निम्मा भाग होय. हा शिधा पूरक असल्याने उरलेला निम्मा भाग घरच्या नेहमीच्या जेवणातून येणे अपेक्षित आहे.

या जोडीचा गुण केवळ बेरजेपुरता नाही. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे अॅमिनो आम्ल कमी असते. तुरीत ते विपुल असते, पण गंधकयुक्त अॅमिनो आम्ले कमी असतात. भाकरी आणि आमटी एका ताटात आली म्हणजे परस्परांची उणीव भरून निघते. केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या दख्खनच्या गरीब लोकांत पेलाग्रा हा रोग आढळत असे. गोपालन व श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतील ल्यूसिनच्या आधिक्याशी त्याचा संबंध जोडला होता.

मात्र या ताटात उणिवाही आहेत. वरील प्रमाणात जस्त सुमारे साडेचार मिलिग्रॅम भरते. पुरुषाची शिफारस केलेली गरज १७ मिलिग्रॅम आहे. शिवाय धान्यातील व डाळीतील फायटेटमुळे जस्त व लोह यांचे शोषण कमी होते. मटकीला मोड आणणे, आंबील आंबविणे या आपल्या घरगुती प्रक्रियांनी फायटेट घटते. तेव्हा त्यांस केवळ चवीचा प्रकार समजणे बरोबर नाही. क जीवनसत्त्व तर या शिध्यात जवळजवळ नाहीच. तेच जेवणात असल्यास वनस्पतिजन्य लोहाचे शोषणही वाढते. १०० ग्रॅम आवळ्यात ते सुमारे २५० मिलिग्रॅम व पेरूत २०० हून अधिक असते. प्रौढ पुरुषाची रोजची गरज ८० मिलिग्रॅम आहे, म्हणजे एक मध्यम पेरू ती भागवितो. शेवग्याच्या पाल्यात क जीवनसत्त्वाबरोबर अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्यही भरपूर असते.

सोलापूरच्या डाळिंबाचा उल्लेख येथे अप्रस्तुत होणार नाही. सोलापूर येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने विकसित केलेल्या 'सोलापूर लाल' या वाणात लोह व जस्त नेहमीच्या वाणांहून अधिक आहे. क जीवनसत्त्व मात्र १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे १९ मिलिग्रॅम आहे. फळ उत्तम आहे यात शंका नाही. परंतु क जीवनसत्त्वासाठी पेरू व आवळा ही त्याहून सरस आणि बहुधा स्वस्त साधने होत.

उपसंहार

येथवरच्या विवेचनावरून असे म्हणावयास हरकत नाही की, 'प्रतिकारशक्ती वाढविणे' हा शब्दप्रयोगच सदोष आहे. अभाव असेल तर तो दूर करता येतो आणि तसे केल्याने रोगप्रतिकाराचे कार्य सुरळीत चालते. अभाव नसेल तेथे अधिकाचे फळ क्वचितच अधिक असते. रक्तक्षय, ब-१२ वा ड जीवनसत्त्वाची उणीव, गर्भारपण, क्षयासारखा रोग अशा प्रसंगी वैद्याच्या सल्ल्याने गोळ्या अवश्य घ्याव्यात. अन्नाने लशीचे वा औषधाचे काम होत नाही, हेही विसरता कामा नये.

आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या विषयात प्रत्यक्ष संशोधनास पुष्कळ वाव आहे. तुरीची पोती पाठीवर वाहणाऱ्या हमालाच्या, तूर खुडणाऱ्या शेतमजूर स्त्रीच्या घरी त्याच तुरीची डाळ आठवड्यातून किती वेळा शिजते? डाळीचा भाव चढला म्हणजे ताटातून प्रथम काय कमी होते? घरातील कर्त्या पुरुषाच्या, स्त्रीच्या व मुलाच्या वाट्यास ती किती येते? क्षयरोग्याच्या घरी मिळालेली मदत अन्नावरच खर्च होते काय? अशा चौकशीस मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. तराजू, वही आणि मराठी-कन्नड दोन्ही भाषांत बोलण्याची तयारी एवढ्या सामग्रीवर तिचा आरंभ करता येईल. दुधनीच्या आवारातून बाहेर जाणाऱ्या पोत्यांची नोंद बाजार समितीच्या दप्तरी होतच असते. त्यातील किती डाळ गावातील चुलीपर्यंत परत येते, याची नोंद करणे हे आता आपले काम आहे.